तीस तारखेपर्यंत

घरात तिला अपटू म्हणत. हे नाव नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी ठेवलं होतं, आणि तेही वैतागून. सातवीत असताना तिनं इंग्रजीच्या वहीत लिहिलं होतं, 'आय विल फिनिश धिस बुक अपटू संडे.' नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, रविवारपर्यंत पुस्तक संपवणार आहेस, की रविवारपर्यंत नुसतं संपवतच बसणार आहेस? तिला दोन्हींतला फरक कळला नाही. तेव्हापासून ती अपटू. आता तिचं वय अठ्ठेचाळीस, नाकावर नानांसारखाच चष्मा, कचेरीत हाताखाली दोन माणसं, तरी घरात अपटूच.

नाना मुद्रितशोधक होते. एका छापखान्यात सदतीस वर्षं त्यांनी इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासली. तिथला नियम असा होता, की शेवटच्या प्रुफावर ज्याची सही, पुस्तकातली चूक त्याची. मग ती लेखकानं केलेली असो, नाहीतर खिळे जुळवणाऱ्यानं. सही केली की विषय संपला, कोणावर खापर फोडायचं नाही. त्यामुळे नानांचा मोठ्या शब्दांवर राग नसे. त्यांचा सगळा संशय इन, ऑन, बाय, टिल या प्रिपोझिशनांवर. त्यांना ते 'बारकी मंडळी' म्हणत. मोठा शब्द चुकला तर वाचणाऱ्याच्या निदान लक्षात तरी येतं, ते म्हणायचे. ही बारकी मंडळी चुकली, की वाक्य हसतमुखानं भलत्याच घरी जाऊन बसतं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

'पर्यंत'चा धडा तर तिनं इतक्यांदा ऐकला होता, की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवला असता. मराठीत एका 'पर्यंत'च्या खोलीत दोन भाडेकरू राहतात. एक त्या दिवसापर्यंत चालूच राहतो आणि त्या दिवशी थांबतो, तो टिल. दुसरा त्या दिवसाच्या आत केव्हातरी एकदाच घडून मोकळा होतो, तो बाय. इंग्रजीत दोघांची बिऱ्हाडं वेगळी. एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकायचं नाही. धडा तोंडपाठ होता. पण लिहायला बसली, की तिचा हात आपसूक 'अपटू'कडेच वळे.

आणि नशीब बघा, तिला नोकरी लागली ती इंग्रजी पत्रं लिहिण्याची. शिवणयंत्रांच्या कारखान्यात सुट्या भागांचा विभाग होता. कुठल्या कुठल्या देशांतून शिंपी आणि दुकानदार पत्रं पाठवत, की शटल मोडलं, बॉबिन बसत नाही, पट्टा कधी मिळेल. उत्तरं द्यायची हिनं. अकरा वर्षं ती रोज संध्याकाळी पत्रांचे मसुदे घरी आणत होती. जेवणाच्या टेबलाशी नाना लाल पेन उघडून बसायचे. पानभर पत्रात सात-आठ ठिकाणी लाल व्हायचं आणि प्रत्येक लालीमागे पाच मिनिटांचं प्रवचन. ताटं मांडायला उशीर व्हायचा. ती वैतागायची, 'कळलं हो नाना' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक परत आणायची.

मग दोन वर्षांपूर्वी कचेरीत ते सॉफ्टवेअर आलं. चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ यायची, बाजूला बरोबर शब्द उमटायचा, त्यावर टिचकी मारली की झालं. सगळं निस्तरलं की कोपऱ्यात हिरवी खूण उजळायची. कचेरीत सगळे त्याला हिरवा मास्तर म्हणू लागले. हा मास्तर प्रवचन देत नव्हता, चष्मा कपाळावर चढवत नव्हता, आणि मुख्य म्हणजे जेवायला उशीर करत नव्हता. तिनं तो घरच्या संगणकावरही बसवून घेतला.

मसुदे घरी येईनासे झाले. नाना पुढचे काही आठवडे सवयीनं टेबलाशी येऊन बसत, पेन खिशातून काढत, वर्तमानपत्रातल्या दोन-चार चुका लाल करत आणि उठत. एके दिवशी त्यांनी विचारलंच. आता ते मशीनच सगळं बघतं, असं तिनं सांगितलं.

"त्याला इंग्रजी येतं?" नानांनी विचारलं.

"तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं."

"इंग्रजी येत असेल गं. पण तुझं मराठी येतं का त्याला?"

तिला हसू आलं. म्हातारपणी माणसाला आपलं काम गेल्याचं सोसत नाही, असं ती मनात म्हणाली. आणि हे तिनं मनातच ठेवलं, याचं तिला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं.

नानांचा आवाज बसायला लागला तो त्याच वर्षी. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग औषधं झाली, मग तपासण्या. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जिवाचा धोका टळेल, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरली तीस. नानांनी एवढंच विचारलं, की तोवर बोललं तर चालेल का. चालेल, पण जपून, डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात भाचीची ईमेल आली. तिच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ शिकायला म्हणून परदेशी गेला, तिथेच लग्न करून राहिला, आणि पाच वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर जाता जाता गेला. नातीला नानांनी पाहिलं होतं ते ती चार वर्षांची असताना. आता ती कॉलेजात होती. तिच्या मराठीत 'आत्या' हा एक शब्द शिल्लक होता, तोही इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. तिनं लिहिलं होतं, की बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. त्यांना रेकॉर्डिंग वगैरे आवडत नसे. एक छोटा व्हिडिओ आहे, त्यात बाकीचे बोलतात आणि ते नुसते हसतात. लहानपणी एकदा आजोबांचा फोन आला होता, तेव्हा मी बाबाच समजून बोलत राहिले होते, इतका सारखा आवाज. मला तो एकदा समोर बसून ऐकायचाय. मी कधी येऊ?

हे खरं होतं. भाऊ घरी असताना फोन कोणीही उचलला तरी पलीकडचा माणूस गोंधळायचा. नानांचा आवाज आता घोगरा झाला होता, तरी हाक मारताना आणि हसताना त्यात भाऊ अजून होता. तिलाच कधी कधी स्वयंपाकघरात दचकायला व्हायचं.

फोन करायची सोय नव्हती. पलीकडचं बोलणं नानांना ऐकू येत नसे आणि त्यांचा आवाज यंत्रातून गेला की नुसती खरखर उरे. तिचं स्वतःचं म्हणाल, तर लिहिताना हिरवा मास्तर हाताशी होता, पण बोलताना कोण होतं? तेव्हा पत्र लिहायचं ठरलं. नाना सांगणार, ती इंग्रजीत लिहिणार, मग नाना तपासणार. नाना स्वतः कधीच काही लिहीत नसत. लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा हवा, आपलं लिहिलेलं आपल्या डोळ्यांना दिसत नाही, हा त्यांचा धर्म होता.

"ऑपरेशनचं नाव काढू नकोस," ते म्हणाले. "पोर घाबरेल. घशाचा त्रास आहे एवढंच लिही. तीस तारखेपर्यंत मला बोलता येईल. त्या बेतानं ये म्हणावं."

तिनं लिहिलं. हात जायचा तिथेच गेला. 'ही विल बी एबल टू टॉक अपटू थर्टीएथ.' अपटूखाली लाल रेघ आली. बाजूच्या चौकटीत सुचवणी उमटली, वाक्य अधिक स्पष्ट करा, 'बाय द थर्टीएथ'. तिला गंमत वाटली. जन्मभर चिकटलेलं नाव मास्तरानं एका फटक्यात खोडलं होतं. तिनं टिचकी मारली. कोपऱ्यात हिरवी खूण उजळली. एकही चूक नाही.

तेवढ्यात नाना दारात येऊन उभे राहिले. शर्टाच्या खिशाला लाल पेन होतं.

"बघू?"

पत्र समोर होतं, अजून पाठवलेलं नव्हतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. आता हे बसणार, पेन उघडणार, टिल आणि बायचे भाडेकरू बाहेर काढणार, आणि त्यांचा तो जपून वापरायचा आवाज माझ्या चुकांवर खर्च करणार. हा शेवटचा विचार तिनं नंतर स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवला, जणू तोच खरा होता. खरं म्हणजे तिला कंटाळा आला होता.

"गेलं पण, नाना," ती म्हणाली.

नाना मान हलवून परत फिरले. मग तिनं बटण दाबलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. किती चांगली बातमी, भाचीनं लिहिलं होतं, मला खूप बरं वाटलं. मी अगदी त्या बेतानंच येते. पण तारीख सांगणार नाही, आजोबांना चकित करायचंय. 'चांगली बातमी' वाचून तिच्या मनात पाल चुकचुकली. घसा दुखतोय यात कसली आलीय चांगली बातमी? पण इंग्रजीत माणसं कशालाही ग्लॅड होतात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. नानांना सांगितलं, की ती येतेय, वेळेत येतेय.

त्या दिवसापासून नानांनी बोलणं बंद केलं.

आवाज त्यांना नातीसाठी साठवायचा होता. चहा हवा तर पेला दाखवायचे, खिडकी लावायची तर बोट करायचे. तिच्याशी अठरा दिवसांत ते पाच-सहा वाक्यं बोलले असतील. तिला मधून मधून वाटायचं, की हा आवाज माझाही आहे, मीही तो पुन्हा ऐकणार नाही. पण जिचा बाप गेला त्या पोरीशी कसली बरोबरी करायची? तिनं एकदा सुचवलं, की मोबाइलवर थोडं बोलून ठेवा, असू द्या आपलं जवळ. नानांनी मान हलवली. समोर माणूस नसेल तर मी प्रूफ वाचल्यासारखा बोलेन, ते म्हणाले, तिला तिच्या बापासारखं ऐकायचंय. त्या दिवसाची त्यांची वाक्यं तिथेच संपली.

तिनं मात्र त्यांची तयारी पाहिली. ते दुपारी खिडकीपाशी बसून ओठ हलवत असत. एकदा ते आवाज न करता भावाचं लाडाचं नाव घेत होते, हे तिला ओठांवरून कळलं. बैठकीतल्या दोन खुर्च्या त्यांनी समोरासमोर लावून ठेवल्या. नातीची खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला झुकती, कारण त्यांना त्या कानानं बरं ऐकू येई.

पंचविसावी उजाडली तरी दार वाजलं नाही. तिनं भाचीला लिहिलं, उशीर करू नकोस. हिरवी खूण आली, पत्र गेलं. मुळीच करणार नाही, असं तासाभरात उत्तर आलं. पुढे एक हसरं तोंड. तिचा जीव भांड्यात पडला. अठ्ठावीस गेली, एकोणतीस गेली. नानांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली.

तीस तारखेला सकाळी दोघं रुग्णालयात पोचली. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, तीन खाटांची, भिंतीला फिकट हिरवा रंग. नानांना रुग्णालयाचे कपडे दिले. त्या सदऱ्याला खिसा नव्हता, म्हणून लाल पेन त्यांनी तिच्या हातात दिलं. नर्स येऊन सांगून गेली, की ऑपरेशनला चार तास आहेत. नाना दाराकडे बघत होते. ती सारखी खाली जाऊन फाटकापर्यंत बघून येत होती. तिसऱ्यांदा वर आली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"पत्रात काय लिहिलं होतंस?" आवाज घोगरा होता, पण त्यात रागाचा लवलेश नव्हता.

"तुम्ही सांगितलं तेच. तीस तारखेपर्यंत बोलता येईल, त्या बेतानं ये."

हे तिनं मराठीत सांगितलं. इंग्रजीत सांगितलं असतं तर? नानांनी ते बाय तिथल्या तिथे पकडलं असतं. चार तास होते. फोन लावता आला असता, त्या खरखरीतून का होईना, पोरीच्या नावाची एक हाक पोचवता आली असती. पण वडिलांशी कोण इंग्रजीत बोलतं? आणि मराठीत त्या वाक्यात काहीच चूक नव्हती.

नानांनी वाक्य मनात फिरवून पाहिलं. मग ते म्हणाले, "मग बरोबर आहे."

 अजूनही काही तास होते, पण ते दाराकडे बघत आवाज राखून राहिले, आणि तसेच स्ट्रेचरवरून ऑपरेशनला आत गेले.

भाची दोन तारखेला आली, शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन थेट रुग्णालयात. पाठीवर पिशवी, हातात फुलं, चालीत भाऊ. तिनं आत्याला मिठी मारली आणि हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "ते आता बोलतात ना? तीसपर्यंत बोलायला लागतील, असं तू लिहिलं होतंस. मी मुद्दाम दोन दिवस जास्त घेतले. लगेच बोलायला लावलं तर त्यांच्या घशाला त्रास व्हायचा."

आत्याला आधी वाक्यच कळलं नाही. मग कळलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला सातवीतला प्रश्न पहिल्यांदा नीट समजला.  तिचं मोडकंतोडकं अपटू कुठल्याही वाचणाऱ्याला खरं सांगून गेलं असतं. ते खोडून जे निर्दोष वाक्य गेलं, त्यानं उलटं सांगितलं होतं. तिनं तोंड उघडलं, पण असलं काही सांगण्याइतकं इंग्रजी तिच्याकडे नव्हतं. ती नुसती मान हलवत राहिली, नो, नो, नॉट बाय. भाचीनं तिच्याकडे पाहिलं, मग दाराच्या काचेतून खाटेकडे पाहिलं. आजोबांच्या गळ्याशी पट्टी होती आणि नळी होती. पोर शहाणी होती. तिला समजायला वेळ लागला नाही. मोबाइल हातात तयार धरला होता, तो तिनं पिशवीत ठेवून दिला.

नाना उशीला टेकून बसले होते. नात दिसली तसे त्यांचे ओठ हलले. काहीच आलं नाही, नळीतून फक्त श्वास वाजला. त्यांनी तिचा हात धरला आणि अपटूकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता. मग बोटांनी हवेत चौकोन काढला. पत्र.

ते मोबाइलवर दाखवता आलं असतं, पण ती खाली जाऊन औषधांच्या दुकानाशेजारून छापून घेऊन आली. जिना चढताना तिला वाटलं, कागद फाडावा, हरवला म्हणावं. एकदा 'गेलं पण' म्हटलंच होतं. तिनं कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि लाल पेनही दिलं.

नानांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीवर त्यांची नजर थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आता ते मान वर करतील, तिच्याकडे बघतील, या भीतीनं तिनं खाटेची कड घट्ट धरली.

त्यांनी पेन उघडलं. बाय खोडलं, समासात रेघ ओढून टिल लिहिलं. अक्षर जागच्या जागी होतं. बाकी काहीच लाल केलं नाही, दोन ठिकाणी 'द' लिहायचा राहून गेला होता तरीही. मग छापखान्यात शेवटच्या प्रुफावर करत तशी, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःची सही केली आणि कागद नातीकडे सरकवला. समासात बोट ठेवलं, मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

नातीला तो नियम ठाऊक नव्हता. पण बोट कुठून कुठे गेलं ते तिनं पाहिलं. तिनं आजोबांच्या खांद्यावर कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते, आवाजाशिवाय सांगता येईना. बाबांचे खांदे असेच हलायचे, ती इतकंच म्हणाली.

अपटू खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. ती सही खोटी होती. ते प्रूफ त्यांना दाखवलंच नव्हतं, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकानं ते आयुष्यभरासाठी आपल्या नावावर घेतलं होतं. तिला माफी नको होती. चष्मा कपाळावर चढवून, जेवायला उशीर करून, टिल आणि बायच्या भाडेकरूंसकट तिला त्यांच्याकडून बोलणी खायची होती, त्या आवाजात. ती वाट बघत तशीच उभी राहिली. नाना नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि खोलीत नळीतल्या श्वासाचा तेवढा आवाज येत होता.